एडमंटन सोडून व्हिक्टोरियाला जावे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सात वर्षांपासून आल्बर्टा प्रांतातील एडमंटनमध्ये राहता, तेथे कर्ज काढून घेतलेले स्वतःचे घर आहे, तुम्ही सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करता आणि आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात जावे लागते, पत्नी रुग्णालयात नोंदणीकृत नर्स आहेत आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. सांगलीचे आई-बाबा सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, येतात तेव्हा नोव्हेंबर ते मार्च त्यांना घराबाहेर पडता येत नाही. गेल्या जुलैत तुम्ही सर्वजण ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरियाला सहलीसाठी गेलात, ते शहर मनात भरले, आणि आता एडमंटनचे घर विकून तिकडे कायमचे जावे का, असे विचारत आहात.

कॅनडात स्थलांतर करून आलेल्या आणि कॅनडातल्याच एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाऊ पाहणाऱ्या कुटुंबांना मार्गदर्शन करण्याचे काम मी व्हिक्टोरियात बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. पत्नीच्या हातात तेथील कायम नोकरीचे पत्र असेल आणि तुमच्या कंपनीने पूर्णवेळ घरून काम करण्यास लेखी संमती दिली असेल, तर जरूर जा, मात्र पहिली दीड-दोन वर्षे भाड्याच्या घरात राहा आणि एडमंटनचे घर तोपर्यंत विकू नका. या दोन अटींपैकी एकच पुरी होत असेल तर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हवामान हे तुमच्या विचाराचे मूळ कारण आहे, पण माझ्या पाहण्यात जी कुटुंबे येथून परत गेली, त्यांतील फारच थोडी हवामानाला कंटाळून गेली. बाकीच्यांना घराचे भाडे, दोघांपैकी एकाला न मिळालेली नोकरी, किंवा बेटावरचा एकटेपणा यांनी परत पाठवले.

तरीही हवामानापासूनच सुरुवात करू, कारण त्याविषयी तुम्ही जे ऐकले आहे ते बरेचसे खरे असले तरी अपुरे आहे. व्हिक्टोरिया व्हँकूव्हर बेटाच्या अगदी दक्षिण टोकाला, सुमारे ४८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे पश्चिम कॅनडाची अमेरिकेशी असलेली सीमा ज्या ४९व्या अक्षांशावरून जाते त्याच्याही दक्षिणेला. भोवतालच्या समुद्राचे पाणी उन्हाळ्यात फारसे तापत नाही आणि हिवाळ्यात गोठत नाही, म्हणून जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या वर चार-पाच अंश राहते. पावसाळी वारे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक पर्वतरांगेवर आपले बरेचसे पाणी सांडून येतात. महाबळेश्वर भिजते आणि माणदेश कोरडा राहतो, तोच हा प्रकार असल्याने तुमच्या आई-बाबांना तो समजावून सांगावा लागणार नाही. शहरातील गोंझालेस टेकडीवर वर्षाला सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर असलेल्या व्हँकूव्हर शहराच्या विमानतळावर ११०० मिलिमीटरहून अधिक.

परंतु ही पर्जन्यछाया सर्वांवर सारखी पडत नाही, आणि घर शोधताना नेमकी हीच गोष्ट नजरेतून सुटते. ज्याला आपण बोलताना व्हिक्टोरिया म्हणतो तो १३ स्वतंत्र नगरपालिकांचा समूह आहे. मूळ व्हिक्टोरिया शहराची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ९१,८६७ होती, संपूर्ण महानगर क्षेत्राची ३,९७,२३७. ओक बे आणि दक्षिण सॅनिच हे भाग कोरडे आणि महाग आहेत; पश्चिमेकडील लँगफोर्ड, कोलवुड आणि त्यापलीकडचे सूक येथे घरे तुलनेने स्वस्त आहेत, पण पाऊस वाढत जातो आणि सूकला तो गोंझालेसच्या दुपटीच्या आसपास पोहोचतो. तुमच्या अंदाजपत्रकात बसणारे घर बहुधा पश्चिमेकडे सापडेल, म्हणजे माहितीपत्रकात वाचलेले हवामान तुमच्या वाट्याला येईलच असे नाही.

हिवाळ्यातील उजेडाचाही विचार करावा लागेल. डिसेंबरच्या मध्यावर व्हिक्टोरियात दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. एडमंटनचा दिवस याहूनही सुमारे पाऊण तासाने लहान असतो हे खरे, पण तेथील थंडी कोरडी असते, आकाश पुष्कळदा निरभ्र असते आणि बर्फावरून उन्हाचा लखलखाट डोळ्यांवर येतो. येथे नोव्हेंबर ते जानेवारी बारीक, रेंगाळणारा पाऊस आणि राखाडी ढग असतात, आणि सूर्य सलग काही दिवस दिसत नाही. उणे तीस अंशांचे काही न वाटणारी पण या राखाडी महिन्यांनी खचून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. याउलट फेब्रुवारीत एडमंटन गोठलेले असताना येथील नागरिक बागांतील फुले मोजण्याचा वार्षिक उपक्रम राबवतात आणि देशाच्या इतर भागांना थोडे चिडवूनही घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम पाऊस पडतो, हिरवळ पिवळी पडते आणि १ मे ते ३० सप्टेंबर बागेला पाणी देण्यावर निर्बंध असतात. समुद्र सुंदर दिसतो, पण उन्हाळ्यातही त्यात उतरले की हुडहुडी भरते. कोकणच्या किनाऱ्याची अपेक्षा ठेवू नये.

सौम्य म्हणजे सदासर्वकाळ सौम्य असेही समजू नका. डिसेंबर १९९६च्या अखेरीस एका दिवसात येथे ६० सेंटीमीटरहून अधिक बर्फ पडले आणि शहर ठप्प झाले, कारण बर्फ हटवण्याची यंत्रणा एडमंटनसारखी सज्ज नव्हती आणि आजही नसते. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत गोंझालेसला ३९.८ अंशांची नोंद झाली; त्या लाटेत संपूर्ण ब्रिटिश कोलंबियात ६१९ जण दगावले, आणि त्यांतील बहुतेक घरांतच, वातानुकूलनाविना. जुन्या इमारतींत आजही वातानुकूलन नसते, म्हणून वृद्ध आई-बाबा राहणार असतील तर घर पाहताना हीट पंप आहे का, हे आवर्जून विचारा, कारण त्याने हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा असे दोन्ही मिळते. काही वर्षी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वणव्यांचा धूर येथेही येतो. तळघरातील भाड्याची घरे स्वस्त असतात, परंतु त्यांत ओल आणि बुरशी फार. खिडकीच्या चौकटीचे कोपरे, कपाटाची मागची भिंत आणि न्हाणीघराचा पंखा हे स्वतः तपासल्याशिवाय करारावर सही करू नका.

आता घराविषयी, कारण खरा निर्णय येथेच होतो. एडमंटनमध्ये स्वतंत्र घर साधारण पाच लाख डॉलरच्या आसपास मिळते. व्हिक्टोरियाच्या मध्यवर्ती भागात तसेच घर बारा-तेरा लाखांच्या घरात जाते आणि पश्चिमेकडेही दहा लाखांच्या आसपास पोहोचते. एडमंटनचे घर विकून कर्ज फेडल्यावर हातात जे उरेल, त्यात येथे स्वतंत्र घर नव्हे तर टाउनहाउस किंवा सदनिकाच बसेल, हे आधीच धरून चाला. शिवाय ब्रिटिश कोलंबियात खरेदीच्या वेळी मालमत्ता हस्तांतरण कर भरावा लागतो, जो पहिल्या दोन लाखांवर १ टक्का आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत २ टक्के आहे. साडेसात लाखांच्या टाउनहाउसवर तो १३,००० डॉलर होतो आणि तो रोखीने, घराच्या पहिल्या हप्त्याव्यतिरिक्त लागतो; आल्बर्टात असा कर नाही. प्रथमच घर घेणाऱ्यांना यात सवलत मिळते, पण जगात कोठेही स्वतःच्या मालकीच्या घरात राहिलेल्या व्यक्तीला ती मिळत नाही. तुमचे एडमंटनचे घर असल्याने तुमचा प्रश्न मिटलाच, पण हे वाचणाऱ्या ज्यांचे पुण्यात किंवा ठाण्यात स्वतःच्या नावावर राहते घर होते, त्यांनीही ही अट नीट वाचावी, कारण परदेशातील घर मोजले जात नाही असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे.

सदनिका आणि बहुतेक टाउनहाउस येथे स्ट्राटा पद्धतीने चालतात, म्हणजे आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेसारखी सर्व मालकांची मिळून एक संस्था असते. तिची मागील दोन वर्षांची इतिवृत्ते, राखीव निधीचा आकडा आणि पुढील मोठ्या दुरुस्त्यांचा अहवाल वाचल्याशिवाय व्यवहार करू नये. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत या किनाऱ्यावर बांधलेल्या कितीतरी इमारतींच्या भिंतींत पाणी मुरले आणि मालकांना दुरुस्तीचा प्रचंड खर्च सोसावा लागला. त्या काळातील इमारतीचे बाह्य आवरण नंतर बदलले आहे की नाही, हा पहिला प्रश्न असावा. घर घेतल्यावर दरवर्षी ३१ मार्चपर्यंत सट्टा व रिक्तता कराचे, म्हणजे प्रामुख्याने रिकाम्या ठेवलेल्या घरांवरील कराचे, घोषणापत्र भरावे लागते. स्वतः त्या घरात राहणाऱ्यांना सहसा कर लागत नाही, पण घोषणापत्र न भरल्यास बिल येते. पती किंवा पत्नी आखातात अथवा भारतात कमावत असून कुटुंबाचे बहुतांश उत्पन्न कॅनडात जाहीर होत नसेल, तर हाच कर चढ्या दराने लागू शकतो.

या सगळ्यामुळेच मी भाड्याचा आग्रह धरतो, पण भाड्याचा बाजारही नव्या माणसाला सोपा नाही. दोन शयनगृहांच्या घराला आज अडीच ते तीन हजार डॉलर मासिक भाडे सहज पडते आणि तीन शयनगृहांचे घर त्याहून बरेच वर जाते. प्रांत सरकार भाडेवाढीची कमाल मर्यादा दरवर्षी ठरवते. २०२५साठी ती ३ टक्के होती आणि २०२६साठी २.३ टक्के आहे. ही मर्यादा घरात राहत असलेल्या भाडेकरूला संरक्षण देते, घर रिकामे झाल्यावर मालक नवे भाडे हवे तसे लावू शकतो. परिणामी जुने भाडेकरू जागा सोडत नाहीत, आणि बाजाराचा सर्व भार नव्याने येणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, पडतो. अनामत रक्कम मात्र कायद्याने अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी दोन-तीन महिन्यांची मागितली तर तेथूनच परत फिरा. शक्यतो खास भाड्यासाठी बांधलेल्या इमारतीत घर घ्या. कोणाच्या बंगल्याच्या तळघरात राहिलात तर मालकाला ती जागा स्वतःसाठी किंवा जवळच्या नातेवाइकासाठी हवी झाल्यास नोटीस देऊन तुम्हाला बाहेर काढता येते, आणि शाळेच्या वर्षाच्या मध्यावर असे झाले की मुलांचे हाल होतात.

एडमंटनचे घर भाड्याने द्यायचे ठरवलेत तर आयकराच्या दृष्टीने एक सोय आहे. ठरावीक अर्ज विवरणपत्रासोबत दिल्यास, भाड्याने दिलेले ते घर जास्तीत जास्त चार वर्षे तुमचे मुख्य निवासस्थान म्हणून धरता येते आणि पुढे विकताना त्या काळातील नफ्यावर कर वाचू शकतो. मात्र त्या काळात दुसरे घर मुख्य निवासस्थान म्हणून दाखवता येत नाही, घसारा मागता येत नाही आणि भाड्याचे उत्पन्न दरवर्षी दाखवावेच लागते. यासाठी लेखापालाला दिलेले शुल्क वाया जाणार नाही.

आयकराचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. आल्बर्टा म्हणजे कमी कर हे विक्रीकराबाबत निर्विवाद खरे आहे, कारण तेथे फक्त ५ टक्के केंद्रीय कर आहे आणि ब्रिटिश कोलंबियात त्यावर ७ टक्के प्रांतिक विक्रीकराची भर पडते, मात्र किराणा बहुतांश या करातून सुटतो. पण प्रांतिक आयकर पाहिला तर एक लाख डॉलर पगाराच्या माणसाला ब्रिटिश कोलंबियात आल्बर्टापेक्षा थोडा कमीच कर लागतो. त्यामुळे तुमच्या जमाखर्चाचा तोल कर बिघडवणार नाही. तो घर बिघडवेल.

नोकरीकडे वळतो. तुमच्या पत्नींची बाजू भक्कम आहे. आल्बर्टात नोंदणी असलेल्या नर्सला ब्रिटिश कोलंबियात नोंदणी मिळवताना एका प्रांतातील नोंदणी दुसऱ्या प्रांतात मान्य करण्याच्या (श्रम-गतिशीलतेच्या) तरतुदीचा लाभ मिळतो आणि भारतातून थेट येणाऱ्या नर्सच्या तुलनेत तो मार्ग पुष्कळ सोपा आहे. तरीही कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करावा आणि राजीनामा नंतर. बेटावरील सरकारी रुग्णालये आयलंड हेल्थ ही संस्था चालवते, त्यांतील रॉयल जुबिली आणि व्हिक्टोरिया जनरल ही शहरातील दोन मोठी. मुलाखतीत दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: पद कायम आहे की बोलावतील तेव्हा यायचे आहे, आणि आधीचा अनुभव धरून वेतनश्रेणीच्या कोणत्या पायरीवर घेणार. आल्बर्टातील ज्येष्ठता आपोआप सोबत येत नाही, त्यामुळे पाळ्या आणि सुट्ट्या निवडण्याच्या रांगेत त्यांना शेवटी उभे राहावे लागण्याची शक्यता आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम एका योजनेतून दुसरीत हलवता येते का, हेही राजीनाम्यापूर्वी विचारून ठेवा.

तुमची बाजू मला अधिक नाजूक वाटते. व्हिक्टोरियात प्रांतिक सरकार, एस्क्वायमॉल्टचा नौदल तळ आणि त्याभोवतीची जहाजदुरुस्ती, रुग्णालये, व्हिक्टोरिया विद्यापीठ आणि पर्यटन हे मोठे रोजगार आहेत. सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रीची एबबुक्स ही कंपनी येथेच सुरू झाली आणि २००८मध्ये अ‍ॅमेझॉनने ती घेतली, परंतु बहुतेक कंपन्या लहान आहेत आणि पगार व्हँकूव्हर किंवा टोरांटोच्या तुलनेत कमी असतात. सरकारी नोकरी स्थिर समजली जाते, पण २०२४च्या अखेरीपासून प्रांतिक सरकारने नव्या भरतीला आवर घातला आहे. संरक्षण क्षेत्रातील कामांना सुरक्षा तपासणी लागते आणि पुष्कळ वर्षे भारतात काढलेल्यांना ती मिळण्यास वेळ लागू शकतो. म्हणूनच तुमच्या आजच्या कंपनीची लेखी संमती महत्त्वाची आहे. साहेबाने तोंडी हो म्हटले एवढ्यावर शहर बदलू नका. साहेब बदलतो, कंपनीचे धोरण बदलते, आणि उद्या पुन्हा कार्यालयात बोलावणे आले तर मध्ये रॉकी पर्वत आणि समुद्र दोन्ही असतील.

समुद्राचा हा मुद्दा नकाशावर पाहताना क्षुल्लक वाटतो. व्हिक्टोरियाहून मुख्य भूमीवर जायला पूल नाही. बेटावरील स्वार्ट्झ बे ते मुख्य भूमीवरील त्सवासन हा फेरीबोटीचा प्रवास १ तास ३५ मिनिटांचा आहे, पण स्वार्ट्झ बेपर्यंतचे सुमारे ३० किलोमीटर, रांगेतील थांबणे आणि उतरल्यावरचा रस्ता धरला तर घरापासून व्हँकूव्हरजवळच्या सरी शहरापर्यंत साडेतीन-चार तास सहज जातात. लांब सुट्टीच्या आठवड्यात आरक्षणाशिवाय निघण्यात अर्थ नाही, आणि हिवाळी वादळात फेऱ्या रद्द होतात. बंदरातून उडणारे सीप्लेन सुमारे ३५ मिनिटांत व्हँकूव्हरला पोहोचवते, पण ते कुटुंबाने दर महिन्याला वापरायचे साधन नाही. मुंबईला जायचे तर बहुधा दोनदा विमान बदलावे लागते, ज्याचा त्रास वयस्कर माणसांना होतो. जमिनीवरूनही उत्तरेकडे जाणारा मुख्य रस्ता एकच, मालाहाटचा घाट. नोव्हेंबर २०२१च्या अतिवृष्टीत तो खचला आणि काही काळ रात्री बंद ठेवावा लागला, मुख्य भूमीवरील महामार्गही तुटले, आणि काही आठवडे आम्हाला पेट्रोल एका वेळी ३० लिटरपर्यंतच मिळत होते.

आई-बाबांसाठी व्हिक्टोरिया खरोखर चांगले आहे, हे मोकळेपणाने सांगतो. जानेवारीत डॅलस रोडच्या समुद्रकाठी किंवा बीकन हिल पार्कमध्ये छत्री घेऊन चालता येते, पदपथ बहुतेक दिवस निसरडे नसतात, आणि ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी असल्याने बाके, ग्रंथालये, बस अशा सोयी त्यांना सोयीच्या आहेत. मात्र तुम्ही लँगफोर्डच्या डोंगरउतारावरील नव्या वसाहतीत घर घेतलेत, तर त्यांना समुद्र दिसणारही नाही आणि प्रत्येक वेळी तुमच्या गाडीची वाट पाहावी लागेल. मग एडमंटन आणि व्हिक्टोरियात त्यांच्यासाठी फरक उरतो तो फक्त स्वेटरच्या जाडीचा. त्यांच्या मुक्कामाचा हेतू प्रधान असेल तर लहान, पण चालत दुकानापर्यंत जाता येईल असे घर निवडा. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा लागतोच. त्यात आधीपासूनच्या आजारांबाबतचे कलम बारकाईने वाचा, कारण त्यांना प्रांतिक आरोग्य योजना लागू होत नाही.

तुम्हा तिघांना ती लागू होईल, पण लगेच नाही. येथे आल्याच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने आल्बर्टाचेच संरक्षण चालते, त्यानंतर ब्रिटिश कोलंबियाची योजना सुरू होते. तिला २०२०पासून मासिक हप्ता नाही. खरी अडचण कुटुंबवैद्य मिळण्याची आहे. प्रांतिक नोंदवहीत नाव पहिल्याच आठवड्यात घाला आणि कित्येक महिने थांबण्याची तयारी ठेवा. २०२३मध्ये डॉक्टरांच्या मानधनाची पद्धत बदलल्यानंतर परिस्थिती काहीशी सुधारली आहे, पण टंचाई संपलेली नाही. तोवर तातडीची प्राथमिक उपचार केंद्रे आहेत, आणि जून २०२३पासून औषधविक्रेते २१ किरकोळ तक्रारींवर स्वतः औषध लिहून देऊ शकतात. मुलांच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठी मात्र व्हँकूव्हरच्या बालरुग्णालयात जावे लागते. घरात कोणाला नियमित तज्ज्ञ उपचार चालू असतील तर ती गोष्ट नोकरीइतकीच वजनाची धरा.

मराठी माणसांचा सहवास हवा असेल तर येथे तो स्वतः जमवावा लागेल. भारतीयांचा येथील इतिहास जुना आहे, टोपाझ अ‍ॅव्हेन्यूवरील गुरुद्वारा शंभराहून अधिक वर्षांचा आहे आणि सॅनिचटनला हिंदू मंदिर आहे, पण मराठी कुटुंबे मोजकी आहेत. गणपती कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसतो आणि सगळे तेथे जमतात. मुलीला मराठी शाळा, नाटक, ढोल-ताशा हे हवे असेल तर फेरी गाठावी लागते. एडमंटनच्या मिल वुड्समध्ये जसा सगळा भारतीय किराणा एका खेपेत मिळतो तसे येथे नाही. थोडी दुकाने आहेत, बाकी सरीहून येताना आणायचे. काहींना ही निवांत लहान वसाहतच आवडते. तुमच्या आईला शेजारी मराठी बोलणारे कोणी हवे असेल, तर मात्र हा प्रश्न त्यांनाच विचारा. मुलीच्या शाळेचे म्हणाल तर सरकारी शाळा चांगल्या आहेत, पण लँगफोर्ड इतक्या वेगाने वाढले आहे की तेथील शाळा भरलेल्या असतात. घर निश्चित करण्यापूर्वी त्या पत्त्याची शाळा कोणती आणि तेथे जागा आहे का, हे शाळा मंडळाकडून विचारून घ्या.

भूकंपाविषयी घाबरवण्याचा हेतू नाही, पण तो जमाखर्चात धरावा लागतो. बेटाच्या पश्चिमेला समुद्रतळाशी कॅस्केडियाचा भूभ्रंश आहे; त्यावर २६ जानेवारी १७०० रोजी सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला, ज्याची लाट जपानपर्यंत पोहोचली आणि तेथील नोंदींमुळेच ही तारीख कळते. घराच्या सामान्य विम्यात भूकंप येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि नुकसानीचा जो पहिला वाटा स्वतः सोसायचा तो घराच्या विमा-रकमेच्या टक्केवारीत, साधारण १० ते २० टक्के, असतो. जुन्या विटांच्या इमारती आणि भराव टाकलेली जमीन टाळा. भाडेकरूच्या सामानाच्या विम्यातही हे कलम जोडून घेता येते.

आता कृतीचा क्रम सांगतो. जुलैत पाहिलेल्या शहरावर निर्णय घेऊ नका. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आठ-दहा दिवस या, आई-बाबा कॅनडात असतील तर त्यांनाही आणा. मुक्काम मध्यवर्ती हॉटेलऐवजी पश्चिमेकडे, जेथे खरोखर घर घ्यावे लागेल तेथे करा, आणि सकाळी साडेसातला लँगफोर्डहून रॉयल जुबिलीपर्यंत गाडीने जाऊन पाहा. कोलवुडपासून शहराकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारी ती रांग तुमच्या पत्नींना रोज भेटणार आहे. तेथून नोंदणीचा अर्ज, मग नोकरीचे पत्र, मग भाड्याचे घर, असे चालले तर शाळा संपल्यावर जून-जुलैत सामान हलवता येईल. ज्या प्रांतात तुम्ही ३१ डिसेंबरला राहत असाल त्याच प्रांताचा आयकर संपूर्ण वर्षासाठी लागतो, म्हणून कंपनीच्या वेतन विभागाला पत्ता वेळेवर कळवा, नाहीतर कापलेला कर आणि देय कर यांत फरक पडतो. गाडीची नोंदणी आणि विमा ३० दिवसांत, वाहनपरवाना ९० दिवसांत बदलावा लागतो. परप्रांतातील गाडीची सुरक्षा तपासणी आधी करून घ्यावी लागते, आणि आल्बर्टातील विमा कंपनीकडून दावे न केल्याचे पत्र आणले तर हप्त्यात सवलत मिळते. हिवाळी टायर मात्र एडमंटनला विकून येऊ नका. मालाहाटवर ते १ ऑक्टोबर ते ३१ मार्च कायद्याने लागतात.